भाड्याच्या घरातील बुरशी—पाणी येते कोठून?

घरातील मोठे कपाट पुढे ओढून मागची भिंत पाहिल्याला तुम्हाला किती महिने झाले? श्रावणातल्या एखाद्या सकाळी मुलाचा गणवेश काढायला कपाट उघडावे, आणि कुबट वासाचा भपकारा यावा. चामड्याच्या पट्ट्यावर पांढुरकी लव दिसावी. मग कपाट हलवले असता मागच्या भिंतीवर हातभर काळा डाग पसरलेला आढळावा. मुंबई, वसई, कोकणपट्टी, गोवा येथे राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. मंगळूर, कोची, कोलकाता येथील वाचकांनाही तो ओळखीचा वाटेल. दिल्लीकडे किंवा इंदूरकडे हाच डाग कित्येकदा पावसाळ्याऐवजी हिवाळ्यात, दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीत उमटतो.

घर स्वतःचे असते, तर गवंडी बोलावून विषय संपवता आला असता. भाड्याच्या घरात मात्र तो तेथून सुरू होतो. भिंत घरमालकाची असते; तिच्यालगत झोपणारे मूल भाडेकरूचे असते. ओल कोणामुळे आली, खर्च कोणी करावा, अनामत रकमेतून काही कापले जाईल काय, ह्या प्रश्नांत बुरशी बाजूला राहते आणि माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात.

वसई तालुक्यात तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारे एक शिक्षकाचे कुटुंब मला ठाऊक आहे. निजण्याच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत जुलैमध्ये काळी पडू लागली. पाच वर्षांच्या मुलीला रात्री खोकल्याची उबळ येई. “काका, भिंतीतून पाणी झिरपते आहे,” असे शिक्षकांनी घरमालकांना सांगितले. “सर, तुम्ही घरात दोऱ्या बांधून कपडे वाळत घालता. त्याचीच ही ओल आहे,” असे उत्तर आले. घरमालक वाईट मनुष्य नव्हते. ते सेवानिवृत्त होते, आणि त्यांच्या औषधपाण्याचा खर्च ह्याच भाड्यातून भागत असे. दोघांनाही आपण खरे बोलतो याची खात्री होती. पुढे जे निष्पन्न झाले ते दोघांनाही थोडेसे अवघड वाटणारे होते. ते योग्य ठिकाणी सांगेन.

बुरशीला काय लागते?

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र तरंगत असतात. ते घरात येऊच नयेत असा बंदोबस्त कोणालाही करता येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या प्रयोगशाळेतील बशीवर येऊन पडलेला असाच एक बीजाणू पेनिसिलिनच्या शोधास कारणीभूत ठरला. ह्या बीजाणूंना रुजण्यासाठी खाद्य, ऊब आणि ओल हवी असते. खाद्य म्हणून त्यांना धूळ, कागद, लाकूड, कापूस, चामडे, डिंक, एवढेच नव्हे तर रंगातील काही द्रव्येही चालतात. ऊब आपल्या देशात बहुतेक ठिकाणी बाराही महिने मिळते. म्हणजे आपल्या हाती राहते ती केवळ ओल.

भिजलेली वस्तू चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पूर्ण वाळली, तर बुरशी सहसा मूळ धरत नाही. घरातील हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तरीही तिचा जोर ओसरतो. मुंबईच्या पावसाळ्यात बाहेरच्याच हवेत आर्द्रता पुष्कळदा ८० टक्क्यांच्या वर असते. त्यामुळे थंड देशांतील पुस्तकांत दिलेला ‘खिडक्या उघडा’ हा उपाय आपल्याकडे जशाच्या तसा लागू पडत नाही. भर पावसात दिवसभर उघडी ठेवलेली खिडकी खोली सुकवण्याऐवजी ओलीच करील. पावसाने उघडीप दिलेल्या दुपारी मात्र तीच खिडकी उपयोगी पडते.

कापराची वडी, धूप किंवा डांबराच्या गोळ्या ठेवून वास दबतो. पाणी जसेच्या तसे राहते. कपाटातील मिठाच्या पुरचुंडीचेही साधारण तेच. म्हणून डागाकडे पाहून विचारण्याचा पहिला प्रश्न हा, की पाणी येते कोठून?

भिंतीतले पाणी आणि हवेतले पाणी

घरात ओल मुख्यतः दोन वाटांनी येते. एक, बाहेरून किंवा वरून झिरपणारे पाणी. गिलाव्यातील भेग, गच्चीचा खराब झालेला थर, वरच्या मजल्यावरच्या मोरीची गळती, भिंतीत पुरलेला फुटका नळ आणि तळमजल्यावर जमिनीतून वर चढणारी ओल ही सर्व त्यातलीच. दुसरी, घरातल्याच हवेतील वाफ. ती थंड पृष्ठभागाला लागली की तिचे पाणी होते, जसे गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो.

ह्या दोहोंची लक्षणे निराळी असतात. झिरपणाऱ्या ओलीचा डाग बहुधा एका जागी असतो, त्याला पिवळसर-तपकिरी कड असते, जोराचा पाऊस झाला की तो वाढतो किंवा वरच्या घरात आंघोळी आटोपल्या की ओला होतो. रंगाचे पोपडे सुटतात, आणि पुढे पुढे मिठासारखी पांढरी पूड वर येते. जुनी माणसे ‘भिंतीला लोणा लागला’ म्हणतात ते हेच. उलट, वाफेने येणारी बुरशी ठिपक्याठिपक्यांनी उगवते. न्हाणीघराचे छत, खोलीचे वरचे कोपरे, कपाटामागची हवा न लागणारी जागा, खिडकीची चौकट ही तिची आवडती ठिकाणे. हल्ली तिसराही एक प्रकार दिसतो. शेजारच्या खोलीत वातानुकूलन यंत्र रात्रभर चालते, सामाईक भिंत गार पडते आणि यंत्र नसलेल्या खोलीच्या बाजूने त्या भिंतीला घाम सुटतो. अशा वेळी बिचारा गवंडी भेग शोधून थकतो.

शंका राहिली तर एक सोपी चाचणी आहे. स्वयंपाकघरात वापरतात तो ॲल्युमिनियमचा पातळ कागद वीतभर लांबी-रुंदीचा कापून घ्या. भिंतीचा तेवढा भाग कोरड्या फडक्याने पुसा, कागद त्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा, आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्या. कागदाच्या खोलीकडील बाजूवर दव जमले, तर पाणी हवेतील आहे. कागद काढल्यावर भिंतीकडील बाजू ओली निघाली, तर पाणी भिंतीतून येत आहे. दोन्ही बाजू ओल्या निघणेही शक्य आहे. घरमालकांच्या उपस्थितीत कागद लावला आणि त्यांच्याच उपस्थितीत काढला, तर अर्धा वाद तेथेच मिटतो.

वर उल्लेखिलेल्या शिक्षकांनी तसेच केले. निजण्याच्या खोलीत कागदाची भिंतीकडील बाजू निथळत होती. बाहेरच्या गिलाव्याला खिडकीच्या वर बारीक भेग होती आणि नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस थेट तिच्यावर मारत होता. पण न्हाणीघरात आणि त्याला लागून असलेल्या कोपऱ्यात कागदाची खोलीकडील बाजू ओली होती. म्हणजे काकांचे म्हणणेही निराधार नव्हते.

प्रकृतीवर काय परिणाम होतो?

ओलसर व बुरशी असलेल्या घरांत खोकला, छातीत घरघर, दमा आणि श्वसनमार्गाचे विकार अधिक आढळतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत नमूद केले आहे. किती बुरशी ‘सुरक्षित’ म्हणावी याचा आकडा मात्र त्यांनी दिला नाही. ओल थांबवावी आणि बुरशी काढून टाकावी, असाच त्यांचा सल्ला आहे. प्रयोगशाळेत नमुना पाठवून बुरशीची जात शोधत बसण्याची सामान्य घराला गरज नसते. काळी असो वा हिरवी, काढायची ती आहेच.

सर्वांना सारखाच त्रास होतो असेही नाही. तान्ही मुले, वृद्ध, दम्याचे रुग्ण आणि आजारामुळे वा औषधांमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे त्यांना धोका अधिक. सुटीत गावी गेल्यावर मुलाचा खोकला थांबतो आणि घरी परतताच पुन्हा सुरू होतो, असे दिसले तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. औषधाच्या बाटलीइतकीच ही माहिती त्यांना उपयोगी पडते.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट वाटते. २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत ‘काळी बुरशी’ ह्या नावाने ज्या रोगाची धास्ती पसरली, तो म्यूकरमायकोसिस. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड औषधांचा अतिवापर असलेल्या रुग्णांना तो प्रामुख्याने झाला. त्यातील काळा रंग मृत झालेल्या पेशीजालाचा असतो. भिंतीवरचा काळा डाग पाहून त्या रोगाच्या भीतीने झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

‘रंग मारून घ्या’

भाडेकरूला सर्वांत अधिक वेळा मिळणारा सल्ला हाच असतो. तो किती महाग पडू शकतो हे इंग्लंडमधील रॉचडेल येथे दिसून आले. सुदानहून आलेले एक कुटुंब तेथे एका गृहनिर्माण संस्थेच्या लहानशा सदनिकेत भाड्याने राहत होते. घरातील बुरशीविषयी त्यांनी २०१७ मध्येच तक्रार केली होती, तेव्हा त्यांना वरून रंग लावण्यास सांगण्यात आले. त्यांचा मुलगा अवाब इशाक डिसेंबर २०२० मध्ये, दुसरा वाढदिवस होऊन आठ दिवस झाले असताना, मरण पावला. घरातील बुरशीच्या दीर्घकाळच्या संसर्गाने श्वसनाचा विकार होऊन हा मृत्यू ओढवला, असा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. घरात हवा खेळती राहण्याची सोय अपुरी होती हेही त्यांनी नोंदवले. ह्या कुटुंबाच्या राहणीविषयी आपण काही गोष्टी गृहीत धरल्या आणि ते चुकले, अशी कबुली पुढे त्या संस्थेला द्यावी लागली.

ह्या घटनेनंतर तेथे कायदा बदलला. अवाबच्या नावाने ओळखले जाणारे नियम २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधील सामाजिक गृहनिर्माणाला लागू झाले आहेत. ओल व बुरशीचा गंभीर धोका कळल्यापासून कामाच्या दहा दिवसांत घरमालक संस्थेने तपासणी केली पाहिजे, तपासणी संपल्यावर कामाच्या पाच दिवसांत घर सुरक्षित केले पाहिजे, आणि तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत हालचाल केली पाहिजे. आपल्या देशात असे दिवस मोजून देणारा कायदा नाही. म्हणूनच भाडेकरूने स्वतः नीट नोंद ठेवणे आपल्याकडे अधिकच अगत्याचे ठरते.

विशेष म्हणजे, घरातील डागाची तपासणी कशी करावी याचे टप्पे पवित्र शास्त्रातही आढळतात. लेवीय १४:३३-५३ मध्ये भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसल्यास काय करावे ते सांगितले आहे. हे चट्टे म्हणजे नेमके काय, याविषयी अभ्यासकांत चर्चा आहे; पुष्कळांना ती बुरशी असावी असे वाटते. त्या नियमातील विधी त्या काळच्या इस्राएलासाठी होता. परंतु त्यातील क्रम लक्ष देण्यासारखा आहे. घरधनी याजकाकडे जातो आणि घरात चट्ट्यासारखे काही दिसते एवढेच कळवतो. निर्णय तो स्वतः देत नाही. तपासणीपूर्वी घरातील सामान बाहेर काढले जाते. याजक येऊन भिंत पाहतो, घर सात दिवस बंद ठेवतो, आणि चट्टा पसरला काय ते पुन्हा येऊन पाहतो. पसरला असेल, तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, आतला गिलावा खरवडायचा, नवे दगड व नवा गिलावा लावायचा. एवढे करूनही तो परतला, तर घरच पाडायचे. डाग झाकून टाकावा, असे ह्या संपूर्ण प्रकरणात कोठेही सुचवलेले नाही.

सात दिवसांची ती युक्ती आजही करून पाहण्यासारखी आहे. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा आणि छायाचित्र घ्या. आठवड्याने डाग रेघेबाहेर गेला असेल तर दुसरे छायाचित्र घ्या. प्रमाण कळावे म्हणून डागाशेजारी फूटपट्टी धरा. आणि हे सर्व साफसफाईच्या आधी करा. भिंत पुसून टाकल्यावर पुरावाही पुसला जातो.

घरमालकांना काय लिहावे?

प्रथम समक्ष भेटून बोलावे, हे उत्तमच. पण भेटीनंतर, त्याच दिवशी, जे बोलणे झाले ते लिहूनही द्यावे. पत्रात आरोप नको. “तुम्ही घराकडे दुर्लक्ष केले” ह्या वाक्याने समोरचा मनुष्य बचावाला उभा राहतो. “निजण्याच्या खोलीच्या पश्चिम भिंतीवर खिडकीच्या वर दोन फूट रुंद ओला डाग आहे, तो ५ जुलैला प्रथम दिसला, १२ तारखेच्या पावसानंतर चार इंच वाढला, कागदाच्या चाचणीत भिंतीकडील बाजू ओली आढळली” असे लिहिले, तर त्याला भिंत पाहायला यावेच लागते. घरात कोणास दम्याचा त्रास असेल तर तेही लिहा, डॉक्टरांची चिठ्ठी असल्यास तिची प्रत जोडा. तुम्ही स्वतः काय केले आहे हेही नमूद करा. शेवटी नेमकी मागणी आणि मुदत.

मागणी दोन भागांत करणे शहाणपणाचे. भर पावसात बाहेरच्या भिंतीचे पक्के काम होत नाही. ओल्या गिलाव्यावर मसाला धरत नाही. म्हणून आता तात्पुरता उपाय, म्हणजे भेग बुजवणे, बाहेरून प्लॅस्टिक लावणे, गळका नळ बदलणे, वगैरे. आणि पक्के काम पावसाळा संपून भिंत वाळल्यावर, पुढच्या मे महिन्याच्या आत, अमुक तारखेपर्यंत. ही तारीख लेखी मिळवा. ऑक्टोबरचे ऊन पडले की भिंत आपोआप वाळते, आणि तिच्याबरोबर सर्वांची आठवणही वाळते.

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत आणखी एक पायरी असते. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती तसेच बाहेरच्या सामाईक नळांची व सांडपाण्याच्या वाहिन्यांची गळती दुरुस्त करणे हे संस्थेचे काम आहे, तर घराच्या आतील दुरुस्ती त्या त्या सभासदाने करावयाची असते. भाडेकरू संस्थेचा सभासद नसल्याने त्याच्या अर्जाला तेथे फारसे वजन नसते. अर्ज घरमालकांच्या सहीने जायला हवा. तुम्ही मसुदा तयार करून छायाचित्रे जोडून दिलीत, तर वृद्ध किंवा परगावी राहणारे घरमालक तो आनंदाने सही करून पाठवतील, असा अनुभव आहे.

कायदा काय म्हणतो, तेही थोडक्यात पाहू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल, तर घराच्या वापराला बाधक असा आणि साध्या पाहणीत लक्षात न येणारा दोष मालकाने भाडेपट्ट्याने घेणाऱ्यास सांगितला पाहिजे. आणि जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे ती सूचना देऊनही त्याने वाजवी वेळात केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचे कलम १४ घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकते. अर्थात येथेही भाडेकरूने करारात उलट कबूल केलेले नसावे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती करून घेऊ शकतो, परंतु एका वर्षात त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक रक्कम वळती करता येत नाही. मासिक भाडे ८,००० रुपये असेल, तर ही मर्यादा २४,००० रुपये होते. जुन्या चाळीतील २०० रुपयांच्या भाडेकरूला मात्र ती अवघी ६०० रुपये पडते; तेवढ्यात गवंड्याची एका दिवसाची मजुरीही भागणे कठीण.

शहरांतून आज सर्रास होणारे अकरा महिन्यांचे लिव्ह अँड लायसन्स करार मात्र निराळे. त्यात राहणारा मनुष्य कायद्याच्या भाषेत ‘भाडेकरू’ नसतो, आणि वरील कलमांचा आधार त्याला सरळसरळ घेता येत नाही. त्याचा आधार म्हणजे करारातील मजकूर. यास्तव सही करण्यापूर्वी ‘मोठी दुरुस्ती कोणाची’ हे वाक्य शोधा, आणि नसेल तर घालून घ्या. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श घरभाडे कायद्याच्या परिशिष्टात इमारतीच्या बांधकामाची दुरुस्ती, भिंतींची रंगसफेदी आणि जरूर तेव्हा नळ बदलणे घरमालकाकडे. नळांचे वायसर, तुंबलेली मोरी, बेसिन, खिडक्यांच्या काचा भाडेकरूकडे, अशी वाटणी दिली आहे. तो नमुना असून राज्याने स्वीकारल्याशिवाय बंधनकारक नाही. पण करार लिहिताना ही वाटणी उतरून घ्यायला कोणाची हरकत असणार?

रागाच्या भरात भाडे देणे थांबवू नका. त्यामुळे ओलीचा प्रश्न बाजूला पडून थकबाकीचा प्रश्न उभा राहतो. पत्र पोच मिळेल अशा रीतीने, स्पीड पोस्टाने किंवा हातात देऊन प्रतीवर सही घेऊन, पाठवा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि अल्प उत्पन्न असणारे यांना १९८७ च्या कायद्यान्वये तेथे विनामूल्य साहाय्य मिळू शकते.

बुरशी काढताना

डाग साधारण तीन फूट लांब व तीन फूट रुंद एवढ्यापर्यंतचा असेल, तर घरच्या घरी काढता येतो. त्याहून मोठा असेल किंवा सांडपाण्यामुळे आलेला असेल, तर ते काम जाणत्या माणसाकडून करवून घ्यावे, आणि ते पत्रातही मागावे. दम्याचा रुग्ण, गर्भवती स्त्री व मुले यांना तेवढा वेळ शेजारी पाठवा. नाकातोंडावर एन-९५ मुखपट्टी, हातांत रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. पंखा बंद ठेवा. कोरड्या झाडूने किंवा ब्रशने बुरशी झटकू नका. बीजाणू खोलीभर उडतात. साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा, फडके पिशवीत बांधून टाकून द्या, आणि मग भिंत पूर्ण वाळवा. मेलेली बुरशीही शिंका व खोकला आणू शकते. म्हणून ती नुसती मारून भागत नाही, पुसून काढावी लागते.

द्रवरूप ब्लीच वापरायचेच असेल तर चार लिटर पाण्यात एक पेल्याहून (सुमारे २५० मिलिलिटर) अधिक घेऊ नका, आणि खिडक्या उघड्या ठेवा. ब्लीच कधीही संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या द्रावणात मिसळू नका. ॲसिडाशी त्याचा संयोग होऊन क्लोरीन हा विषारी वायू निघतो. लहानशा न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो. बुरशी लागलेली गादी, उशी किंवा काथ्याची चटई ऊन दाखवून वाचत नाही. जीव तुटतो, पण टाकावी लागते. पुस्तके आणि चामड्याच्या वस्तू मात्र बहुधा वाचतात.

आपल्या वाट्याचे काम

आता वाफेकडे वळू, कारण ती आपल्याच घरची. स्वयंपाकाचा गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, १४.२ किलोचे एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपाने घरात सोडले जाते. हे पातेल्यातून उकळून जाणाऱ्या पाण्याखेरीज. बादलीभर पिळलेल्या कपड्यांतून दोन-एक लिटर पाणी सहज बाहेर पडते. म्हणून भात-डाळ झाकण ठेवून शिजवणे, स्वयंपाक व आंघोळ चालू असताना मधले दार लावून बाहेरच्या बाजूची खिडकी उघडणे, न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारा पंखा असल्यास आंघोळीनंतरही वीस मिनिटे चालू ठेवणे, ह्या गोष्टी क्षुल्लक नाहीत.

‘घरात कपडे वाळत घालू नका’ हा उपदेश खोली-स्वयंपाकघराच्या घरात चार महिने पाळता येत नाही, हे घरमालकांनीही समजून घ्यायला हवे. पण कपडे निजण्याच्या खोलीऐवजी एकाच जागी, खिडकीजवळ, पंख्याखाली वाळवता येतात. कपाट, पलंगाची पाठ, पुस्तकांची मांडणी भिंतीपासून चार बोटे दूर ठेवली तर मागे हवा खेळते. पूर्वी दरवर्षी चुन्याचा हात फिरवीत, त्यालाही अर्थ होता. चुना क्षारधर्मी असल्याने बुरशीला मानवत नाही आणि भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. ओल्या भिंतीवर चकचकीत तैलरंग दिला की ती आतच कोंडते.

नवे घर पाहायला जमल्यास पावसाळ्यात जा. एकाच भिंतीला ताजा रंग, वरच्या मोरीखालच्या छतावर वर्तुळे, बेसिनखालच्या कपाटातला वास, एवढे पाहिले आणि शेजाऱ्यांना एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ कळते. ताबा घेताना प्रत्येक भिंतीचे छायाचित्र घेऊन घरमालकांनाही पाठवा. घर सोडताना अनामत रकमेचा हिशेब त्यावरूनच सोपा होईल.

त्या शिक्षकांच्या घरी काकांनी संस्थेकडे अर्ज दिला. भेगेवर आधी तात्पुरता मसाला लावला गेला. डिसेंबरात बाहेरचा गिलावा तेवढ्यापुरता काढून नवा केला. खोलीतला रंग भिंत वाळल्यावर एप्रिलमध्ये दिला आणि तो खर्च काकांनी केला. सरांनी कपड्यांच्या दोऱ्या निजण्याच्या खोलीतून काढून स्वयंपाकघराच्या सज्जात बांधल्या, आणि मुलीचा पलंग दुसऱ्या भिंतीकडे हलवला. पुढच्या जुलैत पश्चिमेच्या भिंतीवर लावलेला कागद दोन्ही बाजूंनी कोरडा निघाला. न्हाणीघराच्या छतावर काळे ठिपके अजूनही येतात. ते पुसण्याचे काम दर शनिवारी सरांकडे असते.